ढोलीच्या काठावरचं शेवाळ

(१९८४च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू लंडनहून येते आहेस, तिकडचं काहीतरी सांग. पंधरा मिनिटं." मी म्हटलं, शेवाळाबद्दल बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "चालेल, पण जेवणाआधी संपव." तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच सुरुवात करते.

गेली बावीस वर्षं मी लंडनच्या ईशान्येला लाउटन नावाच्या गावात राहते. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. घरापासून दहा मिनिटं चाललं की एपिंगचं जंगल लागतं. जंगल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्री येतो, तसं हे नाही. लांबट पट्टा आहे, साधारण २४०० हेक्टरचा, लंडनच्या वस्तीत घुसलेला. त्यातून रस्ते जातात, लोक कुत्री फिरवतात. एम-२५ हा लंडनभोवतीचा मोठा महामार्ग त्याच्या उत्तर टोकाला बोगद्यातून नेला आहे आणि त्या बोगद्याच्या डोक्यावर क्रिकेटचं मैदान आहे. खाली ट्रक आणि वर फॉरवर्ड डिफेन्स. मागच्या बाकावरच्या मंडळींसाठी एवढा क्रिकेटचा उल्लेख पुरे.

या जंगलात दर महिन्याचा एक रविवार मी शेवाळं नोंदणाऱ्या हौशी लोकांबरोबर फिरते. आपल्याकडे 'शेवाळ' हा शब्द सगळ्यालाच चालतो. टाकीतलं हिरवं, नदीतल्या दगडावरचं बुळबुळीत आणि पावसाळ्यात कौलांवर उगवणारं मखमली, सगळं शेवाळच. मी बोलते आहे ते यातल्या तिसऱ्याबद्दल, ज्याला शास्त्रात मॉस म्हणतात. शास्त्राच्या तासाला ब्रायोफायटा शिकलो होतो, आठवतं? वनस्पतिसृष्टीचे उभयचर. यांना मुळं नसतात, नुसते मूलाभ, तेही धरून ठेवण्यापुरते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत. पान पावसात भिजलं की पानच पाणी पितं. ऊन पडलं की सुकून कागदासारखं होतं आणि पुन्हा पाऊस आला की काही मिनिटांत हिरवं. फूल नाही, बी नाही. एका बारीक देठावर इवलीशी कुपी येते आणि तिच्यातून बीजाणू उडतात. झाडावर वाढणारी मॉस झाडाला काही इजा करत नाहीत. साल म्हणजे त्यांना फक्त बसायला जागा. बांडगूळ झाडातून रस ओढतं, तसा इथे प्रकार नाही.

माझी गोष्ट आहे त्या मॉसचं नाव झायगोडॉन फॉर्स्टेरी. इंग्रजीत त्याला चालू नाव आहे, त्याचा अर्थ 'ढोलीचं मॉस' असा होतो. ब्रिटनमध्ये ते मुख्यतः तीन ठिकाणी उरलं आहे: आमचं एपिंग, लंडनच्या पश्चिमेचं बर्नहॅम बीचेस आणि दक्षिणेकडचं न्यू फॉरेस्ट. युरोपच्या दक्षिण आणि पश्चिम भागात इतरत्रही विखुरलेलं सापडतं, पण कुठेच मुबलक नाही. ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. म्हणजे ते उपटलं तर गुन्हा होतो. उंची बोटाच्या पेराएवढीही नाही. त्याच्या शेजारून रोज हजारो माणसं जातात आणि एकालाही ते दिसत नाही.

नावामागची माणसं मला फार आवडतात, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. एडवर्ड फॉर्स्टर हा बँकवाला, एपिंग जंगलाच्या कडेच्या वॉल्थमस्टोचा. पेढी सांभाळून वनस्पती गोळा करायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस या मॉसला त्याचं नाव दिलं जेम्स डिक्सनने. हा लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात बियाणं विकणारा दुकानदार. पुढे त्याला झायगोडॉन या कुळात नेऊन बसवलं विल्यम मिटनने, आणि मिटन होता फार्मासिस्ट! ससेक्समधल्या हर्स्टपियरपॉइंट गावात त्याचं औषधाचं दुकान होतं. तिथे बसून त्याने १८५९मध्ये हिंदुस्थानातल्या शेवाळांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिमालयापासून निलगिरी आणि सिलोनपर्यंत लोकांनी गोळा केलेले वाळके नमुने त्याच्या टेबलावर येत. उत्क्रांतीवाल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसचा तो सासरा. एक बँकवाला, एक बियाणंवाला, एक औषधवाला. यातला एकही प्राध्यापक नाही. आमच्या दुकानात गर्दी नसते तेव्हा मला मिटनची आठवण येते, पण आमचे मालक मला सूक्ष्मदर्शक ठेवू देणार नाहीत.

आता मुद्द्यावर येते. हे मॉस उगवतं कुठे? तर मुख्यतः बीचच्या झाडावर, आणि तिथेही कुठेही नाही. बीचची साल गुळगुळीत, राखाडी, हत्तीच्या कातडीसारखी, आणि आम्लधर्मी. एरवी तिच्यावर फारसं काही टिकत नाही. पण फांदी गळून किंवा तुटून पडते तिथे खोडाला खोबण पडते. आतलं लाकूड कुजून तिची ढोली होते. पावसाचं पाणी खोडावरून घरंगळत त्या ढोलीत साठतं, कुजक्या पानालाकडात मुरतं, आणि भरलं की काठावरून खाली ओघळतं. त्या काळपट ओघळाच्या पट्टीवर सालीची जातच बदलते. क्षार येतात, आम्लता कमी होते, ओल जास्त वेळ टिकते. ढोलीच्या ओठावर आणि त्या ओघळाच्या कडेला आमचं मॉस बसतं. कधी जमिनीवर आलेल्या मुळांच्या बेचक्यात पाणी साठतं, तिथेही. म्हणजे बीचचं अख्खं झाड त्याला नको असतं. त्याला हवी असते त्या झाडाची एक जुनी जखम, आणि तीही वाहती.

धडधाकट तरुण झाडाला अशी जखम नसते. मग एवढ्या जखमी झाडांचं जंगल तयार कसं झालं? याचं उत्तर माणूस असं आहे.

एपिंगमध्ये शेकडो वर्षं गावकरी जळणासाठी फांद्या तोडत. झाड बुंध्यात तोडायचं नाही. माणसाच्या डोक्याच्या वर, गुरांचं तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, फांद्या उतरवायच्या आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तिथेच. अशा झाडाला पोलार्ड म्हणतात. 'पोल' म्हणजे जुन्या इंग्रजीत डोकं. डोकं उतरवलेलं झाड. पुन्हा पुन्हा तोडल्याने त्याच्या माथ्यावर गाठीच गाठी होतात आणि त्यातून ढोल्या पडतात. गंमत म्हणजे असं झाड जास्त जगतं. न तोडलेला बीच दोन-अडीचशे वर्षांत आटोपतो. तोडलेला चारशेच्या पुढे जातो, कारण वरचा भार कमी असतो, वादळात पडत नाही. एपिंगमध्ये अशी बीच, ओक आणि हॉर्नबीमची मिळून सुमारे पन्नास हजार जुनी झाडं आहेत.

हे ऐकताना आपल्या रायगड जिल्ह्यातल्या मंडळींना ऐन आठवला असेल. भाताच्या रोपासाठी राब भाजायला आपले लोक कवळ तोडायचे. ऐनाचे टहाळ उतरवून झाड खांबासारखं उभं राहायचं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा फुटायचं. आपल्या शाळेच्या वाटेवर तसे ऐन होते. एपिंगमधला पोलार्ड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो अनोळखी वाटला नाही.

आता पुढचं ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एपिंगचे जमीनदार जंगल कुंपणात घालून विकायला निघाले. लाउटनच्या गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांचा फांद्या तोडण्याचा हक्क दर नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या मध्यरात्री सुरू व्हायचा, अशी परंपरा होती. टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर कुंपण न जुमानता तोडत राहिला. १८६६मध्ये त्याच्या मुलाला आणि आणखी दोन नातेवाइकांना तुरुंगात जावं लागलं. प्रकरण पेटलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने जंगलाची बाजू घेतली आणि १८७८मध्ये एपिंग जंगलाचा कायदा झाला. जंगल वाचलं. १८८२मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन ते जनतेला अर्पण करून गेली. पण त्याच कायद्याने गावकऱ्यांचा फांद्या तोडण्याचा हक्कही गेला. नुकसानभरपाईच्या पैशातून गावात एक सभागृह बांधलं, त्याचं नावच 'लॉपिंग हॉल', म्हणजे फांद्यातोड सभागृह. मी त्याच्यासमोरून रोज कामाला जाते.

१८७८ हे साल इतिहासाच्या सरांना ओळखीचं वाटेल. हिंदुस्थानचा जंगल कायदाही त्याच वर्षीचा. तिकडे जंगल लोकांसाठी राखलं, इकडे लोकांपासून राखलं, एवढा फरक सांगायलाच हवा. पण फांदीवर कोयता चालवणाऱ्याचा हात दोन्हीकडे धरला गेला. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचा राबावरून इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा आहे. असो, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, आणि तो माझ्यापेक्षा इथल्या काही जणांनी केलेला बरा.

तर एपिंगमध्ये तोडणं थांबलं. त्या काळच्या शहरी निसर्गप्रेमींना हे पोलार्ड विद्रूप वाटायचे, त्यामुळे कोणाला वाईट वाटलं नाही. पण झाडांना काय झालं? पूर्वी मनगटाएवढ्या जाडीच्या झाल्या की उतरणाऱ्या फांद्या आता दीडशे वर्षं वाढल्या. एका पोकळ बुंध्यावर पाच-सहा स्वतंत्र झाडं उभी असावीत असं दिसतं. वर छत मिटलं, खाली अंधार झाला, त्या अंधारात हॉलीची झुडपं माजली. ढोल्यांच्या काठावर उजेड पोहोचेना. आणि एवढा भार पेलवेना, तेव्हा झाडं मधोमध उभी फाटू लागली. १९७६च्या दुष्काळात बीच वाळले, १९८७च्या ऑक्टोबरच्या वादळाने दक्षिण इंग्लंडमधली लाखो झाडं झोपवली.

हवेचा त्रास वेगळाच. मॉसच्या पानाला मेणाचं आवरण नसल्यात जमा. पाण्याबरोबर हवेतलं जे येईल ते थेट आत. लंडनच्या कोळशाच्या धुरातल्या गंधकाने शंभर-दीडशे वर्षं झाडावरच्या मॉस आणि दगडफुलांचा सुपडा साफ केला. डिसेंबर १९५२मधलं लंडनचं ते काळं धुकं तुम्ही वाचलं असेल, पाच दिवसांत हजारो माणसं गेली. १९५६मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, गंधक हळूहळू कमी झालं आणि सालीवरच्या पुष्कळ जाती परत आल्या. आता गाड्यांमधून येणारं नायट्रोजन आहे. ते खतासारखं काम करतं, पण ते लाभतं दांडग्या जातींना. त्या पसरतात आणि आमच्या पेराएवढ्याचा श्वास कोंडतात.

याचा आणखी एक कमकुवत धागा सांगते, फार्मासिस्टच्या नजरेतून. झायगोडॉनच्या इतर काही ब्रिटिश जाती पानांच्या बगलेत सूक्ष्म कळ्या तयार करतात. पावसाच्या थेंबाने कळी उडते आणि शेजारी नवं रोप. आपलं हे महाशय कळ्या करत नाहीत. बीजाणूंवरच सगळा भरवसा. त्याची ओळखही अशीच पटते: दहापट भिंगातून कुप्या भरपूर दिसल्या आणि कळ्या दिसल्या नाहीत, तर काळजाचा ठोका चुकतो. आणि हाताला धरबंद ठेवायचा, कारण नमुना घ्यायला परवानगी लागते. मी बरोबर इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली ठेवते. सुकलेलं मॉस ओळखता येत नाही, दोन फवारे मारले की पानं उघडतात.

एका झाडाबद्दल सांगते. कुठलं ते सांगणार नाही, आमच्या गटाचा तसा नियम आहे. आठ वर्षं मी त्या बीचकडे जात होते. बुंध्याला पश्चिमेकडे खांद्याच्या उंचीवर ढोली, तिच्या ओठापासून वीतभर लांब ओघळ आणि त्याच्या डाव्या काठाला मॉसचे सात ठिपके. मोठ्यात मोठा आपल्या जुन्या चार आण्याएवढा. २०२२च्या फेब्रुवारीत युनिस वादळ आलं. दुसऱ्या रविवारी गेलो तर झाड दोन भागांत फाटून आडवं झालेलं, ढोलीचं तोंड जमिनीकडे. मॉस अजून हिरवं होतं. आडव्या खोडावर पाणी तसं ओघळत नाही, म्हणून आम्ही बघत राहिलो. जुलैत इंग्लंडमध्ये इतिहासात पहिल्यांदा पारा चाळीस अंशांच्या वर गेला. तुम्ही हसाल, आपल्याकडे मे महिन्यात चाळीस म्हणजे काय विशेष. पण बीचची मुळं उथळ असतात आणि तिथल्या मॉसला असं काही माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये सात ठिपक्यांपैकी एकच ओळखता आला. पुढच्या वसंतात तिथे दुसरंच दांडगं मॉस पसरलं होतं. मी वहीत तारखेपुढे शून्य लिहिलं.

शून्य लिहिणं हेच आमचं काम, असं आमच्या गटातले एक आजोबा म्हणतात. ते लिहिलं नाही तर पुढच्याला कळणारच नाही की इथे काही होतं.

मग उपाय काय? कायदा करून कोणाला झाडाजवळ जाऊ न देणं हा उपाय इथे चालत नाही. ज्याचं घर कोयत्याने बांधलं, ते कोयता बंद केल्याने टिकणार कसं? म्हणून लंडनचं कॉर्पोरेशन, ज्याच्याकडे एपिंग आहे आणि १८८०पासून बर्नहॅम बीचेसही आहे, तेच आता पुन्हा फांद्या उतरवतं. पण दीडशे वर्षं न तोडलेल्या बीचच्या सगळ्या फांद्या एकदम उतरवल्या तर तो मरतो, हे अनुभवाने कळलं. म्हणून थोडं थोडं, वर्षानुवर्षं थांबत, डोक्यावरचा भार कमी करतात. भोवतीची हॉली काढून ढोलीपर्यंत उजेड पोहोचवतात, तोही बेताने, नाहीतर ओघळ सुकतो.

ढोलीबद्दल एक गोष्ट जाता जाता. पूर्वी तिकडेही ढोलीत सिमेंट भरायची पद्धत होती, झाडाचा दात किडला म्हणून चांदी भरावी तशी. ती आता सोडून दिली, कारण सिमेंटने झाड बरं होत नाही, आतलं कुजणं चालूच राहतं. आज सकाळी आपल्या शाळेच्या मागच्या चिंचेपाशी गेले होते. तिच्या ढोलीपाशी वाळू आणि दोन पोती सिमेंट ठेवलेलं दिसलं. नूतनीकरण समितीतले तिघे जण पहिल्या रांगेत बसले आहेत. त्या ढोलीत पूर्वी पिंगळे होते, आजही पिसं पडलेली आहेत. ती पोती संडासाच्या दुरुस्तीला वापरा, तिथे खरी गरज आहे.

खरी अडचण मात्र मधल्या पिढीची आहे. चारशे वर्षांचे पोलार्ड आहेत, पण १८७८नंतर नवीन कोणी केलेच नाहीत. म्हणजे मधली दीडशे वर्षं कोरी. म्हातारे गेल्यावर त्यांची जागा घ्यायला प्रौढ झाडंच नाहीत. म्हणून तरुण बीच निवडून त्यांची डोकी उतरवायला सुरुवात झाली आहे. त्या झाडांना पाणी धरणारी ढोली पडायला शंभर, कदाचित दीडशे वर्षं लागतील. तोवर जुनी झाडं उभी राहिली पाहिजेत आणि त्यांच्यावरचं मॉस कुप्या धरत राहिलं पाहिजे, म्हणजे बीजाणू नव्या ढोलीपर्यंत पोहोचतील. सगळा हिशेब दोन पिढ्यांच्या मधलं अंतर पार करण्याचा आहे, आणि तो जमेल की नाही हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी विचारलं होतं, "एवढ्याशा मॉससाठी दीडशे वर्षांचा बेत?" फांद्या उतरवणारा तरुण दोरीवरून लोंबकळत म्हणाला, "मॉससाठी कुठे, मला झाडं आवडतात."

बाईंनी हाताने घड्याळ दाखवलं, तेव्हा थांबते. लंडनला मुलांकडे येणाऱ्यांनी आवर्जून कळवा. सेंट्रल लाइनने लाउटन स्टेशनला उतरायचं, मी घ्यायला येते. पायात चिखलात चालतील असे बूट हवेत, साडी नेसून येऊ नका. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ, झाडांना पानं नसतात आणि मॉस ओलं असतं. थंडी असते, थर्मासमध्ये चहा घेऊ. भिंग माझ्याकडे दोन आहेत.